क्रेडिट झालं, पण कोणाच्या वहीत?

बँकेचा मेसेज येतो, खात्यात २५,००० रुपये क्रेडिट झाले. त्याच दुपारी दुकानातला अकाउंटंट टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, ती रक्कम बँक खात्याच्या डेबिट बाजूला टाकतो. मालक बघतो आणि वैतागतो, "अरे, पैसे आलेत ना? मग डेबिट कसं मारलंस?" अकाउंटंट बरोबर आहे आणि बँकही बरोबर आहे. मालकाचा गोंधळ मात्र आपल्याकडे घराघरात आहे, कारण क्रेडिट हा शब्द एकट्याने अर्धाच असतो. तो कोणाच्या वहीतून बोलला जातोय हे कळल्याशिवाय पुढचं काही कळत नाही.

शब्दाचं मूळ साधं आहे. लॅटिनमध्ये 'क्रेदेरे' म्हणजे विश्वास ठेवणं, आणि विश्वासाने दुसऱ्याकडे सोपवलेलं ते 'क्रेदितुम'. इटालियन-फ्रेंचमधून फिरत तो सोळाव्या शतकात इंग्रजीत आला. इंग्रजीने या एका शब्दाच्या डोक्यावर जेवढं ओझं टाकलं, तेवढं मराठीने चौघांत वाटून दिलंय. माणसाची ती पत, व्यवहारातली ती उधार, वहीतली ती जमा आणि कामाचं ते श्रेय. म्हणून आपल्याकडे पतसंस्था असते, उधारी असते, जमाखर्च असतो आणि सिनेमाची श्रेयनामावली असते. कॉलेजच्या गुणपत्रिकेतलं क्रेडिट म्हणजे श्रेयांक, साधारण पंधरा तासांच्या शिकवण्याला एक. बाजारात मात्र आपण हे चारही शब्द सोडून सरसकट क्रेडिट म्हणतो. "मी त्याला क्रेडिट दिलं" या वाक्याचा अर्थ माल उधार दिला, खात्यात रक्कम जमा केली किंवा कामाचं श्रेय दिलं, यांपैकी काहीही होऊ शकतो.

आता वहीकडे. जुना नियम आहे: देणारा जमा, घेणारा नावे. तुम्ही बँकेत पैसे भरले तेव्हा देणारे तुम्ही, म्हणून बँकेच्या वहीत तुमचं खातं जमा, म्हणजे क्रेडिट. ते पैसे बँक तुमचं देणं लागते. शाळेतल्या पुस्तकी भाषेत बँक ऋणको आणि तुम्ही धनको. तुमच्या वहीत हेच उलटं दिसतं. तिथे घेणारी बँक आहे, म्हणून बँकेचं खातं नावे, म्हणजे डेबिट. मेसेज बँकेच्या वहीतून आलेला असतो, टॅली तुमची वही असते. स्टेटमेंटमध्ये शिल्लक रकमेपुढे 'सीआर' असेल तर बँक तुम्हाला देणं आहे, 'डीआर' असेल तर तुम्ही बँकेला देणं आहात. पासबुक आणि आपली वही ताडून पाहताना बाजू उलट्या जुळल्या पाहिजेत. त्या सुलट जुळल्या तर कुठेतरी घोळ आहे.

देशी पद्धतीची लाल वही लिहिणाऱ्यांना टॅलीवर येताना आणखी एक ठेच लागते. आपल्या रोजमेळात, म्हणजे रोजच्या रोकडीच्या वहीत, डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे. इंग्रजी पद्धतीत डावीकडे डेबिट, उजवीकडे क्रेडिट. मग लोक म्हणतात, इंग्रजांनी सगळं उलटं केलं. तसं नाही. रोख आली की ती दोन्हीकडे डावीकडेच लिहिली जाते. फरक एवढाच की इंग्रजी कॅशबुकातलं डेबिट हे रोकडीच्या खात्याचं असतं, तर आपल्या रोजमेळातली जमा ही ज्याने पैसे आणून दिले त्याच्या नावाची असते. डावीकडे 'जमा, पाटील, ५,०००' असं लिहिलं, की खतावणीत, म्हणजे खातेवार वहीत, पाटलांच्या खात्याला ५,००० जमा. रोकड वाढली हे वेगळं लिहावं लागत नाही, ते शिलकेत दिसतं. दोन्ही पद्धतींत पाटील क्रेडिटच होतात.

आणि वही दुसऱ्याच्या हातात असली की काय होतं, हे पुणे जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. १२ मे १८७५ रोजी सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला, तेव्हा त्यांचा रोख कर्जरोख्यांवर आणि हिशेबाच्या वह्यांवर होता. ते हाती लागले की जाळायचे. आपल्या नावावर किती बाकी लिहिलीय आणि भरलेलं कधी जमा धरलंय, हे बघायची सोयच नव्हती. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने भरलेल्या रकमेची पावती, वर्षाच्या हिशेबाचा उतारा आणि पासबुक मागायचा हक्क दिला. सहकारी पतसंस्थांचा कायदा नंतर, १९०४ साली आला. आज पासबुक छापून घेण्याचा कंटाळा करणाऱ्यांनी हे एकदा आठवावं.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या क्रेडिट नोटमध्ये, म्हणजे बिलातली रक्कम कमी केल्याच्या विकणाऱ्याच्या कागदात. एक उदाहरण घेऊ. पुरवठादाराने २५० रुपये दराने २०० नग पाठवले. माल ५०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ९,०००, बिल ५९,०००. त्यातले २० नग खराब निघाले आणि परत गेले. त्यांची किंमत ५,०००, कर ९००. पुरवठादार ५,९०० ची क्रेडिट नोट काढतो. 'क्रेडिट' का? कारण त्याच्या वहीत तुम्ही ५९,००० ने नावे आहात, आणि तुमचं खातं तो आता ५,९०० ने जमा करतोय. कागदावरचं क्रेडिट त्याच्या वहीतलं आहे.

आता हा कागद तुमच्या टेबलावर येतो. वर मोठ्या अक्षरांत क्रेडिट नोट लिहिलेलं असतं, आणि नवा मुलगा टॅली प्राइममध्ये ऑल्ट एफ६ दाबून क्रेडिट नोटच्या व्हाउचरमध्ये, म्हणजे नोंदीच्या फॉर्ममध्ये, ती नोंदवून मोकळा होतो. चुकलं. तुमच्या वहीत ही खरेदी परत आहे, म्हणजे पुरवठादाराचं खातं नावे टाकायचंय, म्हणजे डेबिट नोटचं व्हाउचर, ऑल्ट एफ५. क्रेडिट नोटमध्ये टाकल्यावर दोन गोष्टी होतात. तुमचा विक्री परतीचा आकडा उगाच वाढतो, आणि पुरवठादाराचं देणं ५,९०० ने कमी व्हायच्या ऐवजी तेवढ्यानेच वाढतं. वर्षाअखेरीला खातेउतारा ताडताना फरक येतो ११,८०० चा, आणि तेवढ्या रकमेचं एकही बिल सापडत नाही. अशा वेळी फरकाला दोनाने भागून बघावं. येणाऱ्या आकड्याची नोंद सापडली, तर ती चुकीच्या बाजूला पडलीय असं समजावं. (फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर बाजू नव्हे, आकडे उलटलेत, ५४० चे ४५० झालेत. ही युक्ती कॉम्प्युटरच्या आधीची आहे आणि अजून चालते.)

कराच्या बाजूने दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. जीएसटीत क्रेडिट नोट फक्त माल विकणारा काढतो. तुम्ही परतीच्या मालासोबत तुमची डेबिट नोट पाठवता ती आपसातली आठवण, तिच्यावर विकणाऱ्याचा कर कमी होत नाही. दुसरी गोष्ट मुदतीची. ज्या आर्थिक वर्षातलं मूळ बिल, ते वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर, ती नोट विवरणपत्रात दाखवायची. फेब्रुवारी २०२५ च्या बिलाची नोट डिसेंबर २०२५ मध्ये काढली तर गिऱ्हाइकाचं खातं सुटेल, पण विकणाऱ्याचे करापोटी गेलेले ९०० परत येणार नाहीत. मग ती नोट कराशिवाय, नुसत्या ५,००० ची काढायची की ५,९०० ची, यावर फोनाफोनी सुरू होते. आणि मुदतीत करासकट नोट आली असेल तर घेणाऱ्याने आपलं ९०० चं इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची विक्रीच्या करातून मिळणारी वजावट, उलटवायला हवं. दोघांनी मिळून सरकारकडून एकच ९०० दोनदा घेता येत नाहीत.

हे इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे आयटीसी, हाच आमच्या मते या शब्दाचा सगळ्यात फसवा वापर आहे. नावात क्रेडिट, पोर्टलवर 'इलेक्ट्रॉनिक क्रेडिट लेजर', पण तुमच्या स्वतःच्या वहीत ती रक्कम नावे बाजूला, येणं म्हणून बसते. कारण तेच, पोर्टलवरची वही सरकारची आहे. लोक या लेजरमधल्या शिलकेला बँकेतल्या शिलकेसारखं धरतात, आणि मग अडकतात. आयटीसीने फक्त विक्रीवरचा कर भरता येतो. विलंब शुल्क, व्याज, दंड आणि रिव्हर्स चार्जचा (विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायचा) कर रोख लेजरमधून, म्हणजे खऱ्या पैशांनी भरावा लागतो. सीजीएसटीचं (केंद्राच्या वाट्याचं) क्रेडिट एसजीएसटीला (राज्याच्या वाट्याला) चालत नाही, एसजीएसटीचं सीजीएसटीला चालत नाही. आयजीएसटीचं (परराज्यातल्या व्यवहारावरच्या कराचं) दोन्हीकडे चालतं, पण ते आधी संपवावं लागतं. आणि बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येतं, व्याज मात्र गेलं ते गेलं.

उधारीच्या दिवसांना बाजार 'क्रेडिट' एवढंच म्हणतो. "किती दिवसांचं क्रेडिट देता?" इथे मोजणी कुठून सुरू होते, हे आधी ठरवून बिलावर छापलेलं बरं. बिलाच्या तारखेपासून, माल पोचल्यापासून, की महिनाअखेरीपासून? '३० दिवस' म्हणणाऱ्या दोघांच्या डोक्यात सहज तीन आठवड्यांचं अंतर असतं. त्याच्याच शेजारी असते सीडी, म्हणजे कॅश डिस्काउंट. समजा अट अशी आहे: १० दिवसांत दिले तर २ टक्के सीडी, नाहीतर ३० दिवसांत पूर्ण. २ टक्के किरकोळ वाटतात. पण तुम्ही ९८,००० रुपये आणखी २० दिवस वापरायला मिळावेत म्हणून २,००० मोजताय. वर्षाचा हिशेब केला तर हा दर ३७ टक्क्यांच्या वर जातो. तेच ९८,००० बँकेकडून ११ टक्क्यांनी २० दिवसांसाठी उचलले तर व्याज होतं सुमारे ५९० रुपये. म्हणजे सीडी घेण्यासाठी कर्ज काढलं तरी लाखामागे चौदाशे सुटतात. हातात बँकेची मर्यादा शिल्लक असताना सीडी सोडणारे व्यापारी बरेच दिसतात, आणि त्यामागे "उधारी फुकट आहे" हा एकच समज असतो.

सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेत असाल तर क्रेडिटचे दिवस तुमच्या मर्जीवर नाहीत. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५, आणि मोजणी माल स्वीकारल्यापासून. बाजारात '४३बी(एच)' या नावाने ओळखली जाणारी प्राप्तिकराची तरतूद २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झाली. मुदत उलटलेलं देणं ३१ मार्चला तसंच राहिलं तर तो खर्च त्या वर्षी धरला जात नाही, ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. पुरवठादाराचं उद्यम प्रमाणपत्र (उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं) मागून घ्या आणि तो उत्पादक किंवा सेवा देणारा आहे की नुसता व्यापारी, ते त्यावर बघा. निव्वळ व्यापाऱ्याच्या देण्याला ही अट लागत नाही, असं सर्वसाधारणपणे धरलं जातं.

आता सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, धंद्याला माल आणि येण्याच्या तारणावर मिळणारं फिरतं कर्ज. नाव जुनं आहे. १७२८ मध्ये एडिंबर्गला रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने विल्यम हॉग या व्यापाऱ्याला खात्यात आहे त्याहून जास्त रक्कम उचलायची मुभा दिली, तिथून ही सोय सुरू झाल्याचं मानतात. आपल्याकडे छोट्या उद्योगाचा श्वास या खात्यावर चालतो, आणि घोटाळा होतो मर्यादा आणि ड्रॉइंग पॉवर (डीपी), म्हणजे प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम, यांच्यात. मंजुरीपत्रावर १० लाख लिहिलेले असतात, म्हणून १० लाख उचलता येतात असं नाही. बँक दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून, म्हणजे माल आणि येण्याच्या तक्त्यावरून, डीपी काढते.

समजा गोदामात माल १० लाखांचा. त्यातल्या ४ लाखांच्या मालाचे पैसे पुरवठादारांना अजून द्यायचेत, ते वजा. उरले ६ लाख. त्यावर २५ टक्के मार्जिन, म्हणजे तुमचा स्वतःचा वाटा, सोडून ४.५० लाख. येणं ५ लाख, पण त्यातलं १ लाख ९० दिवसांहून जुनं, ते बँक धरत नाही. उरलेल्या ४ लाखांवर ४० टक्के मार्जिन सोडून २.४० लाख. डीपी ६.९० लाख. (मार्जिनचे टक्के बँकेगणिक बदलतात, आपल्या मंजुरीपत्रात बघावेत.) खात्यात ७.५० लाख उचललेले असतील तर १० लाखांची मर्यादा असूनही तुम्ही ६०,००० ने वर गेलेले आहात.

हे सलग ९० दिवस तसंच राहिलं तर खातं थकीत, एनपीए होतं. मर्यादेच्या आत असूनही ९० दिवसांत खात्यात काही क्रेडिट झालं नाही, किंवा झालेलं क्रेडिट व्याजालाही पुरलं नाही, तरी तेच. इथे क्रेडिट म्हणजे तुम्ही भरलेली रक्कम हे ध्यानात घ्या. ज्या खात्याच्या नावात क्रेडिट आहे त्याची शिलकीची बाजू बहुतेक वेळा डेबिट असते, आणि क्रेडिट झालं की कर्ज कमी होतं. म्हणून विक्रीचे पैसे दुसऱ्या बँकेतल्या चालू खात्यात घेणाऱ्यांना मॅनेजर हटकतो. स्टॉक स्टेटमेंटमध्ये माल विक्रीच्या भावाने लावणं, न खपणारा जुना माल तसाच दाखवत राहणं, ही दुसरी नेहमीची चूक. तपासणीला आलेला माणूस आधी खरेदीची बिलं मागतो. आणि सीसीतून पैसे काढून मशीन किंवा जागा घेणं तर नकोच. तीन महिन्यांत फिरायचा पैसा सात वर्षांसाठी रुतला, की पगाराच्या तारखेला खात्यात जागा उरत नाही.

क्रेडिट कार्डाबद्दल एवढंच. बिल ५ तारखेला आणि भरायची तारीख २५ असेल, तर ६ जूनची खरेदी २५ जुलैला भरायची, म्हणजे ४९ दिवस बिनव्याजी. ४ जूनची मात्र २१ दिवसांतच. 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलावरची किमान रक्कम, भरलं की दंड टळतो, व्याज टळत नाही. महिना साडेतीन टक्के दर असेल तर वर्षाला ४२, ते खरेदीच्या दिवसापासून, आणि पूर्ण रक्कम चुकती होईपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. एटीएममधून रोख काढली तर पहिल्या दिवसापासूनच व्याज.

गल्ल्यावर बसणाऱ्यांसाठी एक गोष्ट. 'क्रेडिटेड' असा मेसेज किंवा स्क्रीनशॉट गिऱ्हाइकाच्या फोनवर दिसणं आणि पैसे तुमच्या खात्यात येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला क्रेडिटचा मेसेज बँकेचा नसतो. माल सोडण्याआधी आपलं ॲप उघडून शिल्लक बघावी. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला जातोय म्हणजे पैसे तुमच्याकडून चाललेत.

राहिला क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्ज फेडण्यातली तुमची पत दाखवणारा आकडा. ३०० ते ९०० मधला हा आकडा, आणि ही वही ना तुमची, ना एका बँकेची. ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या सगळ्या बँकांच्या वह्यांतले उतारे गोळा करतात. चौघींकडून वर्षाला एकेक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो उघडून नुसता आकडा न बघता प्रत्येक कर्जासमोरचा शेरा वाचावा. 'क्लोज्ड' म्हणजे पूर्ण फेडलं, 'सेटल्ड' म्हणजे तडजोडीत काही सोडून दिलं, आणि पुढच्या बँकेला दुसरा शब्द खुपतो. तडजोडीच्या वेळी "अमुक माफ केलं, खातं मिटलं" एवढं ऐकून लोक खूश होतात, अहवालात काय लिहिलं जाणार हे विचारत नाहीत. पूर्ण फेडूनही कर्ज चालू दिसत असेल तर बँकेचं ना-देय प्रमाणपत्र जोडून तक्रार करायची. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. ती ज्या खात्यात क्रेडिट व्हावी, त्याचा तपशील तक्रारीसोबतच द्यायचा असतो.